गरोदरपणातली एचआयव्ही तपासणी आणि औषधं: कुठे जायचं, कोणते कागद न्यायचे

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा रिवाज. घाटंजीची सून सातव्या महिन्यात हिंगणघाटला येते, आणि गोळ्या मात्र सासरच्या केंद्रावर राहतात. आईकडून बाळाला एचआयव्ही होऊ नये म्हणून सगळी सोय मोफत आहे. ती अशा प्रवासात सुटते.

तपासणी प्रत्येक गरोदर बाईची होते. उत्पन्नाची अट नाही, रेशनकार्डाचा रंग कोणी विचारत नाही. आशाताईकडे नाव नोंदवलं की उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिल्याच तपासणीत, संमती घेऊन, रक्त बघतात. तिथे संशय आला म्हणजे आजार ठरला, असं नाही. पक्कं निदान ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, तीन चाचण्यांनंतर होतं. नवऱ्यालाही सोबत न्या; तोच बहुतेक वेळा टाळतो.

निदान झालं तर एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रात, नोंदणी. आयसीटीसीचा अहवाल, आधार किंवा पत्ता असलेलं दुसरं ओळखपत्र, फोटो आणि माता-बाल संरक्षण कार्ड न्या. सीडी४ (रक्तातल्या प्रतिकारपेशींचं प्रमाण) कितीही असो, गोळ्या लगेच सुरू होतात आणि जन्मभर चालतात. काहीच केलं नाही तर बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के. औषधं नीट घेतली तर ती ५ टक्क्यांच्या खाली येते.

माहेरी निघण्याआधी समुपदेशकाला तारीख सांगा. पुरतील एवढ्या गोळ्या आणि माहेरजवळच्या केंद्राच्या नावाची चिठ्ठी मागून घ्या. हिरवं पुस्तक, म्हणजे उपचाराचं कार्ड, कपड्यांच्या पिशवीत नको, स्वतःजवळ ठेवा. माहेरच्यांना सांगायचं की नाही, हे बाईनेच ठरवायचं. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तिची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे, आणि एचआयव्ही आहे म्हणून बाळंतपण नाकारता येत नाही.

बाळंतपण दवाखान्यातच. बाळाला जन्मल्याबरोबर नेव्हिरॅपिन हे एचआयव्ही रोखणारं औषध, किमान सहा आठवडे. जोखीम जास्त असेल तर डॉक्टर वाढवतात. सहा महिने फक्त अंगावरचं दूध. आजीची घुटी, मध, वरचं पाणी काही नको, इथे आजीशी थोडं भांडावं लागतं.

दीड महिन्याच्या लसीला नेलं की त्याच खेपेला बाळाच्या रक्ताचे थेंब तपासणीला द्या. पुन्हा सहाव्या आणि बाराव्या महिन्यात. शेवटची चाचणी अठराव्या महिन्यात. तोवर माय-लेकरू सासरी परतलेलं असतं, तेव्हा माहेरचे अहवाल आठवणीने सोबत आणा. अडलं तर १०९७ वर फोन लावा, पैसे लागत नाहीत.