आयर्विनचा आकडा आणि आपला उंबरा

पावसाळ्यात कृष्णाकाठी एकच प्रश्न गावभर फिरतो: ‘आयर्विनला किती?’ सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 वर गेलं की धोका. पण हा आकडा पुलाजवळचा. पलूस तालुक्यातल्या एखाद्या घराच्या उंबऱ्याला पाणी कधी लागणार, हे त्यातून कळत नाही. 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं आणि 2005 च्या पुराच्या खुणेवर विसंबलेली घरंच्या घरं अडकली. 8 ऑगस्टला ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. गाव पाण्याने वेढलेलं होतं, म्हणून त्यांना बोटीत बसावं लागलं. जुन्या खुणेवर यापुढे तर मुळीच विसंबू नये, कारण हवा तापली की तिच्यात बाष्प जास्त मावतं, आणि तोच पाऊस थोड्या दिवसांत कोसळतो.

गाव अडकतं ते बहुतेक वेळा नदीच्या बाजूने नाही, तर पाठीमागच्या ओढ्यामुळे. नदी चढली की ओढ्याचं पाणी तुंबतं, फुगवटा उलटा मागे सरकतो आणि ओढ्यावरची सखल मोरी, म्हणजे रस्त्याचा छोटा पूल, बुडते. घरं कोरडी असतात, पण रस्ता गेलेला असतो. म्हणून पहिली उंची मोजायची ती मोरीची, घरांची नंतर.

त्यासाठी गवंड्याची लेव्हल पाईप पुरते. 20-25 मीटर पारदर्शक नळी घ्या, एक टोक बादलीत बुडवून पाणी ओढून भरा. दोन्ही टोकं शेजारी धरा. पाणी एका रेषेत आलं नाही तर आत बुडबुडा आहे, नळी झटकून तो काढा. मोजताना टोकावर अंगठा राहिला किंवा नळीला पीळ पडला तरी माप चुकतं. एक जण देवळाच्या भिंतीवरच्या 2019 च्या पुराच्या डागाच्या वरच्या कडेला टोक धरतो, दुसरा पुढच्या भिंतीवर पाणी थांबेल तिथे खूण करतो. अशा टप्प्यांनी मोरी, शाळा, गोठे, विहिरीचा कठडा, प्रत्येक जागा त्या डागाच्या किती खाली आहे ते लिहा. शेवटी फिरून पहिल्या खुणेवर या. दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा मोजा.

आता हे पुलाच्या आकड्याशी जुळवायचं. पुलाजवळ 45 असताना गावात पाणी कुठवर आलं, त्याची खूण करा. समजा ती डागाच्या 9 फूट खाली आली. म्हणजे पुलाजवळचे 12 फूट (45 ते 57) गावात 9 फूट झाले. पुलाचा एक फूट म्हणजे गावात 9 इंच. पात्राची रुंदी आणि उतार बदलतो, म्हणून फुटाला फूट धरून चालत नाही. दोनच खुणांवरचा हा हिशोब ढोबळ असतो, दर पुरात आणखी खुणा घ्या. पंचगंगाकाठी आकडा कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याचा: 39 ला इशारा, 43 ला धोका. नृसिंहवाडीच्या संगमाजवळ मात्र एका नदीचा आकडा पुरत नाही. कृष्णा भरलेली असली की पंचगंगेचं पाणी तुंबून राहतं, म्हणून तिथे दोन्ही आकडे जोडीने लिहावेत.

मोरी बुडण्याचा आकडा कळला तरी निघायचं त्याच्या आधी. समजा मोरी आयर्विनच्या 47 ला बुडते, पुलाजवळ पाणी तासाला अर्धा फूट चढतंय आणि सगळी जनावरं बाहेर काढायला 6 तास लागतात. 3 फूट वजा करा: 44 ला पहिली म्हैस रस्त्यावर हवी. धोका पातळी जाहीर होईपर्यंत थांबलात तर उशीर झाला. रात्र मध्ये येणार असेल तर आणखी आधी. ‘आयर्विन 44: जनावरं बाहेर’ एवढंच चावडीवर ठळक रंगवा.

विहिरीचा कठडा बुडाला असेल तर ओसरल्यावर आधी गढूळ पाणी उपसा. मग टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर: एरवी हजार लिटरला अडीच ग्रॅम, पुरानंतर दुप्पट. 6 मीटर व्यासाच्या, 5 मीटर पाणी असलेल्या विहिरीत सुमारे 1,41,000 लिटर पाणी असतं, म्हणजे 700 ग्रॅम. बादलीत कालवून गाळ खाली बसू द्या, वरची निवळीच विहिरीत सोडून ढवळा आणि तासाभराने क्लोरीन तपासा.

आणि घरं धुवायला घेण्याआधी, भिंतीवरचा ताजा डाग ओला आहे तोवर, त्याच्या वरच्या कडेला एक खिळा ठोका. शेजारी तारीख आणि त्या पुरातला आयर्विनचा सर्वांत वरचा आकडा.