खांबावरचा ओला पट्टा

संध्याकाळी रत्नागिरीहून भाट्याच्या पुलावर फिरायला गेलं की सगळ्यांची नजर खाडीच्या मुखाकडे, मावळतीकडे लागते. मी मात्र कठड्याशी थांबून खाली खांबांकडे बघते. ओहोटीला पाणी उतरलं की खाडीतल्या खांबांचे तीन भाग वेगळे दिसतात. वरचा कोरडा आणि राखाडी, खालचा पाण्यात बुडालेला आणि मधला काळपट, शेवाळाचा, कालवांनी खडबडीत झालेला. खाडीवरच्या पुलाचं आयुष्य बरंचसं या मधल्या पट्ट्यावर ठरतं.

जो भाग कायम खाऱ्या पाण्यात, तोच आधी कुजेल असं आपल्याला वाटतं. पण खांबातल्या लोखंडी सळईला गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, आणि बुडालेल्या काँक्रीटच्या आत ऑक्सिजन फार थोडा पोचतो. मधल्या पट्ट्यावर दिवसातून साधारण दोनदा भरती चढते नि उतरते. पाणी सुकतं, मीठ मागे राहतं, पुढच्या भरतीला त्यात आणखी भर पडते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात.

चांगलं काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्यामुळे आतल्या सळईवर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर धरतो आणि तोच तिला जपतो. मिठातले क्लोराइड काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून मुरत मुरत सळईपर्यंत गेले की तो थर तुटतो. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त, कधी सहापट जागा मागतो. सळई आतून फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते. आमच्या जुन्या घराला गवंड्याने खाडीची वाळू न धुताच वापरली होती. माजघराच्या छताचा हातभर पोपडा पडला तेव्हा आतली सळई बोटांनी चुरगळत होती, ते मी विसरलेले नाही.

म्हणून सळईवरचं काँक्रीट, ज्याला गवंडी ‘कव्हर’ म्हणतात, ते फार महत्त्वाचं. काँक्रीटच्या बांधकामासाठीच्या भारतीय मानक 456 नुसार घरातल्या साध्या स्लॅबला 20 मिलिमीटर चालतं, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात मात्र 75 लागतं. काँक्रीटमध्ये लोखंडाच्या भट्टीची मळी किंवा कोळशाच्या वीजकेंद्रातली राख योग्य प्रमाणात घातली तर छिद्रं आणखी बारीक होतात. लोखंडी बोटीच्या तळाला जस्ताचे तुकडे लावतात, तसं जस्त सळईलाही जोडता येतं; जस्त झिजतं, लोखंड वाचतं.

आतलं नुकसान ओळखायची पहिली पद्धत कोकणातल्या कुणालाही लगेच कळेल. फणस पिकलाय का ते टिचकी मारून बघतो, तसा अभियंता काँक्रीटवर हातोडी ठोकत जातो. घट्ट असेल तर खणखणीत वाजतं. पोपडा आतून सुटला असेल तर बद्द आवाज येतो, वरून एकही भेग दिसत नसली तरी. अशी ठोकून केलेली तपासणी दर पावसाळ्यानंतर व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

अंधार पडता पडता भरती लागली. कालवं एकेक करून बुडाली. सहा तासांनी, मध्यरात्री कधीतरी, पाणी पुन्हा उतरू लागेल आणि तो पट्टा वाऱ्यावर सुकायला लागेल.