पूर्णविराम रागीट का वाटतो?

एका पावसाळ्यात कृष्णेचं पाणी चढत होतं. अशा दिवसांत सांगलीत घरोघरी एकच प्रश्न असतो : आयर्विन पुलाजवळ किती फूट? ४० फुटांना इशारा, ४५ला धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. बंगळुरूच्या पुतणीनं मोबाइलवर इंग्रजीत विचारलं, 'काका, ऑल ओके?' मी टाइप केलं, 'फाइन.' शाळेत शिकवलं होतं तसं, शेवटी टिंब देऊन. दोन मिनिटांत तिचा फोन आला. "काका, काय झालंय? खरं सांगा." पाणी तेव्हा ३२ फुटांवर होतं आणि आम्ही चहा पीत बसलो होतो. ती घाबरली होती त्या टिंबाला.

इंटरनेटनं इंग्रजीची वाट लावली, असं सर्रास बोललं जातं आणि पुरावा म्हणून 'ओएमजी' (म्हणजे 'ओ माय गॉड') पुढे केलं जातं. हे 'ओएमजी' ब्रिटिश ॲडमिरल जॉन फिशर यांनी १९१७ साली चर्चिलना लिहिलेल्या पत्रात आहे. आपले आजोबाही पत्राच्या सुरुवातीला 'सा. न. वि. वि.' आणि शेवटी 'ता. क.' लिहीत, मराठी त्यानं बुडाली नाही. शब्द येतात, जातात. मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटतं ते टिंबाचं नशीब.

पूर्णविरामाचं मूळ काम बांधाचं. छापील पानावर वाक्याला वाक्य लागून येतं, म्हणून मध्ये खूण लागते. चॅटमध्ये ते काम 'सेंड'चं बटण करतं. प्रत्येक वाक्य आपापल्या चौकटीत सुटं पडतं. म्हणजे टिंब दिलं काय, न दिलं काय, वाक्य संपल्याचं कळतंच. आणि जिथे दोन्ही चालतं, तिथे माणूस त्या निवडीतच अर्थ शोधतो. भाषावैज्ञानिक नेहमीच्या रूपाला अचिन्हित आणि मुद्दाम केलेल्या रूपाला चिन्हित म्हणतात. चॅटमध्ये बिनटिंबाचं वाक्य अचिन्हित झालं, तसं टिंबाचं वाक्य आपोआप चिन्हित ठरलं.

पण मग अर्थ रागाचाच का चिकटला? याचं उत्तर मला आवाजात दिसतं. वाक्य संपताना आपला सूर खाली उतरतो आणि टिंब हे त्या उतरत्या सुराचं चित्र आहे. 'हो' सपाट सुरात म्हणून बघा, मग सूर खाली आणून, तोंड मिटून म्हणा. दुसऱ्या 'हो'नं बोलणंच संपवलं. म्हणून टिंब बोचतं ते एकट्या, एकशब्दी उत्तराला. चार-पाच वाक्यांच्या मजकुरात ते आजही मुकाट्यानं बांधाचंच काम करतं.

न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात सेलिया क्लिन आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं. २०१५ साली ते प्रसिद्ध झालं. १२६ विद्यार्थ्यांना छोटे संवाद वाचायला दिले. आमंत्रणाला एकशब्दी होकार. कधी टिंबासह, कधी टिंबाशिवाय. मोबाइलवरच्या संदेशात टिंबाचा होकार कमी मनापासूनचा वाटला. तेच संवाद हातानं लिहिलेल्या चिठ्ठीत दिले, तेव्हा असा फरक दिसला नाही. हा चिठ्ठीचा भाग मला फार मोलाचा वाटतो, कारण अर्थ नुसत्या टिंबात असता तर तो कागदावरही दिसला असता.

भाषा म्हणजे एकदाच घडवलेली पवित्र वस्तू, या समजातूनच 'नासा म्हणते संगणकाला संस्कृतच सर्वोत्तम' असले निरोप फिरतात. मुळात तो १९८५ सालचा रिक ब्रिग्ज यांचा एक लेख. संस्कृत वैयाकरणांची विश्लेषणपद्धत कृत्रिम बुद्धिमत्तेतल्या ज्ञानाच्या मांडणीशी जुळते, असा त्याचा मुद्दा होता. तो सुंदर आहे. त्याला नासाचा शिक्का मारून खोटं करू नये. आणि ज्या टिंबाला आपण शुद्ध मराठीचं लक्षण मानतो, ते इंग्रजीकडूनच आलं. मोडीत अशी विरामचिन्हं नव्हती. मराठीत ती रुळवण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातले इंग्रज कोशकार मेजर कँडी यांना दिलं जातं.

राहिला पुतणीचा घोटाळा. एरवी मी तिला बोलूनच निरोप पाठवतो, त्यामुळे माझं टिंब मापायला तिच्याकडे काहीच नव्हतं. मिरजेच्या आमच्या आत्याचं उलट आहे. ती निवृत्त शिक्षिका. तिचं 'हो.', 'बरं.', 'जेवले.' सगळं टिंबासह येतं आणि कुणाला काही वाटत नाही. गेल्या महिन्यात तिचं 'पोचले' बिनटिंबाचं आलं आणि आईनं लगेच फोन लावला. आत्या एसटीतून उतरता उतरता टाइप करत होती.