माग थांबला, सांगायचं कोणाला?

सोलापुरात जुनी मिल १८७७ साली सुरू झाली. त्या काळच्या गिरण्यांत कामगार आणि साहेब यांच्यामध्ये जॉबर असे. भरती तोच करी, माग दुरुस्तीही त्याच्याकडेच. रोजीच ज्याच्या हातात, त्याला ‘मागाची तुमची जुळणी चुकली’ असं कोण सांगणार? भरती जॉबरकडून काढून लेबर ऑफिसर नेमावेत, अशी शिफारस १९३१ मध्ये शाही श्रम आयोगाने केली. गाऱ्हाणं ऐकणारा माणूस मिळाला, मागाबद्दल बोलायला मात्र कोणी नाही.

अमेरिकेतल्या हॉथॉर्न कारखान्यात कामगार आणि उत्पादन यांवर झालेले प्रयोग (१९२४-३२) सगळेच सांगतात. आपल्या धंद्याला जवळचा दाखला अहमदाबादच्या कॅलिको मिलचा. कामाच्या ठिकाणच्या मानवी संबंधांचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस १९५३ मध्ये तिथे आले, तेव्हा नवे स्वयंचलित माग बसूनही उत्पादन अडलेलं होतं. काम १२ प्रकारच्या कामगारांत वाटलं होतं. विणकराकडे २४ किंवा ३२ माग, तुटलेला ताणा (कापडाचे उभे धागे) सांधणाऱ्याकडे ६० ते ८०, जॉबरकडे ११२. आकडे एकमेकांत बसतच नव्हते. सांधणारा दुसऱ्याच्या मागावर गुंतला की या विणकराचा माग बंद, आणि सांधणाऱ्याला हाक मारण्याचा हक्क नेमका कोणाचा, तेही ठरलेलं नाही. मग ठरावीक मागांचा गट एका टोळीला दिला. टोळ्या कामगारांनीच जमवल्या. माग तेच राहिले, पण उत्पादन वाढलं, खराब कापड घटलं.

सोलापुरातले बहुतेक यंत्रमाग कारखाने लहान. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातली कामगार-मालक समितीही १०० कामगारांपासून पुढेच होती, म्हणजे इथे सगळी भिस्त तोंडी बोलण्यावर, तेही तेलुगू, कन्नड, मराठी मिसळून. पत्त्यांच्या जकार्डवर, म्हणजे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांनी नक्षी उमटवणाऱ्या यंत्रावर, चादर विणताना ‘डिझाइन बिघडली’ एवढंच सांगितलं, तर जॉबर सगळा जकार्ड उघडून बसतो. ताण्याच्या दिशेने सलग उभी रेघ असेल तर दोष बहुधा ताण्याचे धागे उचलणाऱ्या हुकात किंवा दोरीत. आडवी चूक दर डिझाइनला त्याच जागी येत असेल तर पत्त्याचं भोक फाटलंय किंवा पत्ता उलटसुलट ओवलाय. विणकराने ‘उभी की आडवी, आणि किती अंतराने’ एवढं सांगितलं की निम्मं काम झालं. पाळी बदलताना हे सांगायचं राहिलं, तर पुढच्या पाळीच्या चादरींतही तीच रेघ उतरते आणि कळते ती घडी घालणाऱ्या बाईला.