घरी बनवलेल्या इन्व्हर्टरचे मॉस्फेट का उडतात?

"कालच नेलेले मॉस्फेट बॅटरी जोडताच उडाले, माल डुप्लिकेट दिसतो," ही तक्रार आमच्या दुकानाच्या काउंटरवर वारंवार येते. मॉस्फेट म्हणजे बॅटरीचा करंट झपाट्याने चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर. सोबत आणलेला हीटसिंक (मॉस्फेटची उष्णता काढणारा ॲल्युमिनियमचा तुकडा) पाहिला की कारण बहुधा तिथेच सापडते: दोन्ही बाजूंचे मॉस्फेट एकाच हीटसिंकवर, मायकाशिवाय (मधल्या वीजरोधक पातळ पट्टीशिवाय) कसलेले.

टीओ-२२० आकाराच्या मॉस्फेटचा धातूचा टॅब म्हणजेच ड्रेन, करंट आत येतो तो पाय. सेंटर टॅप (वाइंडिंगच्या मधूनही वायर काढलेल्या) ट्रान्सफॉर्मरच्या सर्किटमध्ये दोन बाजूंचे ड्रेन वाइंडिंगच्या दोन टोकांना असतात. टॅब एकाच ॲल्युमिनियमला लागले की ती टोके शॉर्ट होतात आणि बॅटरीचा करंट थेट मॉस्फेटमधून धावतो. नुसता मायका घालूनही भागत नाही, कारण स्क्रूमधून शॉर्ट होतोच. स्क्रूभोवती प्लास्टिकचा बुश (वीजरोधक कडे) हवा. हीटसिंकच्या भोकाच्या कडेला राहिलेली धातूची कुसळे मायका फाडतात, ती आधी घासून काढा. मायकाच्या दोन्ही अंगांना हीटसिंक पेस्टचा पातळ थर द्या. मग मल्टिमीटर बझरवर ठेवून टॅब आणि हीटसिंक तपासा. आवाज आला तर खोलून पुन्हा बसवा.

मायका नकोच असेल तर दोन बाजूंना दोन वेगळे हीटसिंक घ्या. उष्णता उलट चांगली निघते. फक्त ते एकमेकांना किंवा पत्र्याच्या डब्याला टेकू देऊ नका.

मॉस्फेटचा नंबर (३२०५, झेड४४एन, ५४०एन वगैरे) निवडताना नुसते अँपिअर पाहू नका. झेड४४एनचे ४९ अँपिअर मॉस्फेटचे आवरण २५ अंशांवर असतानाचे आहेत. पाहायचा तो चालू असतानाचा रेझिस्टन्स: ३२०५ चा ८ मिलिओहम, झेड४४एनचा १७.५, ५४०एनचा ४४. बारा व्होल्टवर ३०० वॅटच्या लोडला सुमारे ३० अँपिअर लागतात. प्रत्येक बाजूला एकच ३२०५ असेल तर त्यात साधारण ६ वॅट उष्णता होते, ५४०एनमध्ये ३० च्या वर. म्हणून आम्ही ३२०५ सुचवतो. हीटसिंक लहान चालतो, तिथे पैसे वाचतात. २४ व्होल्टला मात्र तो नको. बंद मॉस्फेटवर बॅटरीच्या दुप्पट व्होल्टेज येते, ३२०५ ची मर्यादा ५५ व्होल्ट. तिथे १०० व्होल्टचाच घ्या.

सोल्डर केलेला मॉस्फेट आम्ही बदलून देत नाही. त्याऐवजी प्रत्येक नग तुमच्यासमोर तपासून, मायका आणि बुशसकट देतो. भोके पाडून घासलेले हीटसिंकही तयार असतात.

पहिल्यांदा चालू करताना लोड लावू नका. बॅटरीच्या प्लस वायरमध्ये १२ व्होल्टचा हेडलाइट बल्ब सिरीजमध्ये घाला. मंद उजळला तर ठीक. भक्क पेटला तर लगेच बंद करून मायका तपासा.