टाइमलाइन अडखळते? नवा संगणक घेण्याआधी फुटेज बदलून पाहा

फुटेज कन्व्हर्ट करून घ्यायला आमच्याकडे येणाऱ्या, जुन्या संगणकावर एडिटिंग करणाऱ्या ग्राहकांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. क्लिप मीडिया प्लेयरमध्ये छान चालते, पण एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली की अडखळते. आवाज पुढे पळतो, चित्र मागे राहतं आणि कट नेमका कुठे मारायचा तेच कळत नाही. मग कुणीतरी रॅम वाढवायचा सल्ला देतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा हा प्रकार आहे. रॅम वाढते, टाइमलाइन होती तिथेच राहते, कारण दुखणं बहुधा फुटेज ज्या पद्धतीने साठवलंय त्या पद्धतीत असतं.

कॅमेरा फुटेज कसं साठवतो

कॅमेऱ्याला कार्डावरची जागा वाचवायची असते. म्हणून बहुतेक कॅमेरे आणि मोबाइल एच.२६४ (२००३) किंवा एच.२६५ (२०१३) या कोडेकमध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतीत, रेकॉर्ड करतात. त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. एक फ्रेम पूर्ण असते आणि तिच्या पुढच्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं याची नोंद असते. काही फ्रेम तर आधीच्या आणि नंतरच्या अशा दोन्ही बाजूंच्या फ्रेमवर अवलंबून असतात. अशा एका गटात अनेकदा १२ ते १५ फ्रेम असतात, मोबाइलच्या फुटेजमध्ये ३० च्या आसपासही.

आता समजा, तुम्ही गटातल्या चौदाव्या फ्रेमवर येऊन थांबलात. ती एक फ्रेम दाखवण्यासाठी संगणकाला पहिल्या पूर्ण फ्रेमपासून सुरुवात करून मधल्या लागतील त्या फ्रेम उलगडाव्या लागतात. मग तुम्ही कट जुळवायला एक फ्रेम मागे गेलात की पुन्हा पहिल्यापासून. क्लिप उलटी चालवून पाहिलीत तर हे काम दर फ्रेमला होतं. प्लेयरला हा त्रास नसतो, कारण तो एकच क्लिप सरळ पुढे चालवतो. एडिटिंगमध्ये आपण सतत उड्या मारतो, आणि दोन ट्रॅक एकावर एक असतील तर काम दुप्पट.

नव्या प्रोसेसरमध्ये या उलगडण्यासाठी वेगळी यंत्रणा असते. इंटेलचं क्विक सिंक २०११ मध्ये दुसऱ्या पिढीच्या प्रोसेसरबरोबर आलं, पण ते एच.२६५ उलगडू शकत नव्हतं. एच.२६५ ची सोय सहाव्या पिढीत आली आणि १०-बिट (रंगाच्या जास्त छटा साठवणाऱ्या) एच.२६५ ची सातव्या. म्हणजे संगणक त्याआधीचा आणि कॅमेरा नवा असेल, तर सगळा भार प्रोसेसरच्या मुख्य भागावर पडतो. १०-बिट ४:२:२ (रंगाचा तपशील आणखी जास्त ठेवणारं) फुटेज तर सातव्या पिढीच्या यंत्रणेलाही झेपत नाही.

आधी दुखणं कुठे आहे ते पाहा

टाइमलाइन चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडा. प्रोसेसर शंभर टक्क्यांना टेकलाय आणि डिस्क निवांत आहे, असं दिसलं तर फुटेज कन्व्हर्ट केल्याने, म्हणजे दुसऱ्या कोडेकमध्ये नेल्याने, फरक पडेल. उलट डिस्कच शंभर टक्क्यांवर असेल तर थांबा. कन्व्हर्ट केलेल्या फाइल मोठ्या असतात, त्यामुळे डिस्कवरचा भार वाढेल आणि अडखळणंही. अशा वेळी फुटेज आधी एसएसडीवर हलवून पाहावं. यूएसबी २ ला जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवरून एडिटिंग करणं शक्यतो टाळाच. तिथून प्रत्यक्षात सेकंदाला ३०-४० मेगाबाइटच्या वर काही येत नाही.

प्रिव्ह्यूचं रेझोल्यूशन अर्धं किंवा पाव करण्याचा उपाय अनेकांनी आधीच केलेला असतो. इफेक्ट आणि कलर करेक्शनचा भार त्याने कमी होतो. पण एच.२६४ ची फ्रेम उलगडायचीच असते, त्यामुळे मूळ त्रासात फारसा फरक पडत नाही.

कन्व्हर्ट करायचं म्हणजे नेमकं काय

एडिटिंगसाठी बनवलेल्या कोडेकमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र आणि पूर्ण असते. चौदावी फ्रेम हवी असेल तर फक्त चौदावी उलगडायची, बाकीच्यांना हात लावायची गरज नाही. ॲपलचं प्रोरेस आणि ॲव्हिडचं डीएनएक्सएचआर हे त्यातले सर्वांत रुळलेले दोन. मॅकवर प्रोरेस आणि विंडोजवर डीएनएक्सएचआर असा आमचा साधा नियम आहे. दर्जात डोळ्यांना जाणवेल असा फरक नाही, त्यामुळे यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका.

किंमत मोजावी लागते ती जागेची. १०८० पिक्सेलचं, सेकंदाला २५ फ्रेमचं फुटेज प्रोरेस ४२२ मध्ये नेलं तर साधारण १२२ मेगाबिट प्रति सेकंद लागतात, म्हणजे तासाला सुमारे ५५ जीबी. मूळ एव्हीसीएचडी (एच.२६४ वरच आधारलेला कॅमकॉर्डरचा प्रकार) फुटेज २४ मेगाबिटचं असेल तर तेच तासाला ११ जीबीच्या आत मावतं. ४के फुटेज त्याच प्रोरेस ४२२ मध्ये नेलं तर तासाला २२० जीबीच्या वर जातं. जुन्या संगणकाची डिस्क इथेच हात टेकते.

आणि एक गैरसमज दूर केलेला बरा: कन्व्हर्ट केल्याने फुटेजचा दर्जा वाढत नाही. फाइल पाचपट मोठी झाली तरी कॅमेऱ्याने जे टिपलं नाही ते येणार कुठून?

आमचा सल्ला बहुधा प्रॉक्सीचाच

प्रॉक्सी म्हणजे प्रत्येक क्लिपची हलकी, लहान प्रत. कट, क्रम, आवाज, टायटल हे सगळं प्रॉक्सीवर करायचं आणि शेवटी एक्स्पोर्टच्या वेळी सॉफ्टवेअर मूळ फुटेज वापरतं. ४के क्लिपची १०८० ची प्रॉक्सी केली तर पिक्सेल एक चतुर्थांश होतात. प्रोरेस प्रॉक्सीला या आकारात साधारण ३८ मेगाबिट पुरतात, म्हणजे तासाला १७ जीबी. डीएनएक्सएचआरमध्ये याच कामासाठी एलबी हा प्रकार आहे. प्रीमियर प्रो, डाविंची रिझॉल्व्ह, केडेनलाइव्ह, शॉटकट या सगळ्यांत प्रॉक्सीची सोय आहे.

कलर करेक्शन मात्र प्रॉक्सी बंद करून, मूळ क्लिपवर तपासा. फोकसही. प्रॉक्सीवर सगळे शॉट थोडे मऊच दिसतात आणि फोकस चुकलेला शॉट त्यात बेमालूम लपतो.

पूर्ण कन्व्हर्शन आम्ही मुख्यतः मोबाइलच्या फुटेजसाठी सुचवतो. मोबाइल फ्रेम रेट स्थिर ठेवत नाही; प्रकाश कमी झाला किंवा मोबाइल तापला की सेकंदाला येणाऱ्या फ्रेम कमी-जास्त होतात. अशी क्लिप टाइमलाइनवर टाकली की सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, दहा मिनिटांनी जुळत नाहीत. वेगळ्या रेकॉर्डरवर आवाज घेतला असेल तर ते ठळकपणे कळतं. यावर इलाज एकच, तो म्हणजे एडिटिंग सुरू करण्याआधी फुटेज स्थिर फ्रेम रेटमध्ये आणणं. अर्धं एडिट झाल्यावर हे सुचलं तर तोवर जुळवलेले कट पुन्हा जुळवत बसावं लागतं.

घरी करणार असाल तर

शटर एन्कोडर हे मोफत सॉफ्टवेअर या कामाला पुरेसं आहे. आत एफएफएमपेग हे कमांडवर चालणारं साधन काम करतं, पण कमांड लिहाव्या लागत नाहीत. आधी एकच छोटी क्लिप कन्व्हर्ट करून टाइमलाइनवर चालवून पाहा, मगच सगळी रांगेत लावा. जुन्या संगणकाला वेळ लागणारच, रात्रभर चालू द्या.

प्रॉक्सी सॉफ्टवेअरच्या बाहेर बनवत असाल तर फाइलचं नाव, फ्रेम रेट, टाइमकोड (प्रत्येक फ्रेमची वेळेची नोंद) आणि आवाजाच्या चॅनेलची संख्या मूळ क्लिपसारखीच राहिली पाहिजे. मूळ क्लिपला चार चॅनेल आणि प्रॉक्सीला दोन, एवढ्यावरूनही सॉफ्टवेअर प्रॉक्सी जोडायला नकार देतं. २५ चं फुटेज ३० करू नका, ३० चं २५ करू नका. मूळ फुटेज १०-बिट असेल आणि पूर्ण कन्व्हर्शन करायचं असेल, तर डीएनएक्सएचआरचा एचक्यूएक्स हा प्रकार निवडा. एसक्यू आणि एचक्यू ८-बिट आहेत. त्यात आकाशासारख्या सपाट रंगावर पुढे पट्टे दिसू लागतात. कन्व्हर्ट केल्यावर काळा रंग अचानक जास्त गडद किंवा फिकट वाटला तर कलर रेंजचं (काळा-पांढरा कुठे सुरू होतो ते ठरवणारं) सेटिंग तपासा, फुटेज खराब झालेलं नसतं.

आमच्याकडे फुटेज देताना

कार्डावरचं सगळं फोल्डर जसंच्या तसं कॉपी करून द्या, त्यातून फक्त व्हिडिओच्या फाइल वेचून देऊ नका. बरेच कॅमेरे लांबलचक शॉट ४ जीबीच्या तुकड्यांत साठवतात आणि ते तुकडे कसे जोडायचे याची माहिती बाजूच्या लहानशा फाइलमध्ये असते. ती नसेल तर जोडावर एखाद-दुसरी फ्रेम किंवा आवाजाचा कण गळतो. भाषण किंवा गाण्याच्या रेकॉर्डिंगमध्ये तो लगेच कानाला खटकतो. फाइलची नावंही बदलू नका.

सोबत तुमच्या संगणकाचा प्रोसेसर कोणता, सॉफ्टवेअर कोणतं आणि त्याची आवृत्ती किती हे लिहून द्या. डिस्कवर किती जागा मोकळी आहे तेही सांगा, कारण प्रॉक्सीचा आकार आम्ही त्यावरून ठरवतो. शॉट लॉगमध्ये (कॅमेऱ्याच्या मुद्दाम फिकट ठेवलेल्या रंगात) घेतला असेल तर आवर्जून कळवा: प्रॉक्सीवर रंग चढवून हवेत की फिकट तसेच, हे आधी ठरलेलं सोयीचं पडतं.

काम पूर्ण झाल्यावर आम्ही प्रॉक्सी वेगळ्या फोल्डरमध्ये देतो आणि मूळ फुटेज जसं आलं तसं परत करतो. फिल्म एक्स्पोर्ट होऊन ती तुम्ही शेवटपर्यंत पाहून होईपर्यंत मूळ फुटेज पुसू नका. जागा हवी असेल तर प्रॉक्सी खुशाल काढून टाका, त्या पुन्हा बनवता येतात.