कोयत्याची परीक्षा: आधी रानात, मग ओट्यावर

मोठा चाकू चांगला की वाईट हे दाखवायला हवेत धरलेला कागद सर्रकन कापून दाखवतात. त्यावरून कळते ते एवढेच, की त्या पात्याला नुकतीच कोणीतरी नीट धार लावली होती. धार जवळपास कुठल्याही पोलादी पट्टीला लावता येते. ती किती टिकेल, हातात झटका बसेल का, पाते कांदा चिरेल की चेंगरेल, यातले काहीच कागद सांगत नाही.

‘रानातही चालेल, स्वयंपाकघरातही चालेल’ असे म्हणून विकल्या जाणाऱ्या जाडजूड चाकवांबद्दल मला शंका आहे, आणि ती तपासायला आपला कोकणातला कोयता फार सोयीचा. तो घडीचा नाही, पाते आणि मुठीत गेलेले शेपूट एकाच पट्टीचे. माडावर चढणारा तो कमरेच्या आकडीत अडकवतो, खाली उतरून त्यानेच शहाळे तासतो, आणि संध्याकाळी त्याच कोयत्याने घरात फणस फुटतो.

तोडण्याच्या कामात हाताचा जोर दिसतो, पण फांदीत शिरते ती पात्याची गतिज ऊर्जा. 700 ग्रॅमचा कोयता सेकंदाला 8 मीटर वेगाने येऊन आदळला, तर ती सुमारे 22 जूल भरते. 200 ग्रॅमची सुरी त्याच वेगाने मारली तर जेमतेम साडेसहा. म्हणून कोयत्याचे वजन पुढच्या वाकाकडे ठेवलेले असते. इथे एक परीक्षा सहज करता येते. मूठ जरा सैल धरून ओंडक्यावर हलके घाव घालत जायचे, आधी मुठीजवळच्या भागाने, मग पुढे सरकत टोकापर्यंत. बहुतेक घावांना हाताला झिणझिण्या येतात, पण मध्ये एक जागा अशी लागते की हाताला काही जाणवतच नाही. हे आघातकेंद्र. सगळीकडे सारख्या जाडीचा दांडा एका टोकाशी धरला, तर ते दोन तृतीयांश अंतरावर येते. कोयत्यात वजन पुढे असल्याने आणखी पुढे सरकते. ही जागा जिथे घाव बसतो तिथेच, म्हणजे पोटात, आली असेल तर लोहाराला आपले काम कळते असे खुशाल समजावे. त्याने भौतिकशास्त्राचे पुस्तक उघडलेले नसले तरी.

आता थोडी ओली फांदी, थोडा वाळका बांबू तोडून कोयता दिव्याखाली आणा आणि धार डोळ्यांच्या रेषेत धरा. तीक्ष्ण धार दिसतच नाही, कारण प्रकाश परतवायला तिथे पृष्ठभागच उरलेला नसतो. जिथे पांढरा ठिपका चमकतो तिथे धार गेली. खरी माहिती या ठिपक्यांत आहे. नखाला कड एका बाजूला दुमडल्यासारखी लागली तर पोलाद मऊ पडले. अर्धचंद्रासारखी खाच असेल तर ते गरजेपेक्षा कठीण, म्हणून ठिसूळ.

या दोन टोकांच्या मधली जागा भट्टीत ठरते. गावाकडचे बरेच कोयते ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांचे असतात. त्या पोलादात कार्बन साधारण 0.5 ते 0.6 टक्के. लोखंड 770 अंश सेल्सिअसच्या वर चुंबकाला चिकटेनासे होते. त्याच्याही थोडे वर तापवले की अणूंची मांडणी बदलते आणि कार्बन आत विरघळतो. तेवढ्यात पाण्यात किंवा तेलात बुडवले, म्हणजे पाणी दिले, की कार्बनला बाहेर पडायला सवड मिळत नाही. तो अडकतो, मांडणी ताणली जाते आणि पोलाद काचेसारखे कडक होते. तसेच ठेवले तर पहिल्याच गाठीवर तुकडा उडेल. म्हणून ते पुन्हा दोन-तीनशे अंशांपर्यंत तापवून थोडे नरमवतात. कडकपणा मोजायची रॉकवेल पद्धत 1914 साली अमेरिकेतल्या ह्यू आणि स्टॅनली रॉकवेल यांनी मांडली. कडक पोलादासाठी आता तिच्यात हिऱ्याचे टोक 150 किलोच्या भाराने दाबायचे आणि खड्डा किती खोल गेला ते पाहायचे. या मापावर तोडकामाची पाती पन्नाशीच्या आसपास असतात, जर्मन धाटणीच्या सुऱ्या 56-58, आणि जपानी सुऱ्या 60 च्या पुढे. घरी कानस चालते. ती धारेवरून नुसती घसरली तर धार कडक, खरवडत चावली तर मऊ.

बांबू मी मुद्दामच सांगितला. बांबू, ऊस, गवत यांच्या पेशींत सिलिका असते, वाळूचाच एक प्रकार, आणि ती धारेला घासून बोथट करते. ऊसतोडीच्या फडात कोयता सारखा पाजवावा लागतो त्याचे एक कारण हे. प्रयोगशाळेतही हीच युक्ती वापरतात. सुऱ्यांची धार तपासण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ 8442-5 मध्ये, सिलिका मिसळलेला जाड कागद ठरावीक भाराखाली पुन्हा पुन्हा कापतात, आणि एकूण किती कागद कापला गेला ते मोजतात. हवेतल्या कागदापेक्षा हा कागद खरे बोलतो.

ओट्यावर मात्र सगळे उलटते. नुकतीच धार लावलेला कोयता गाजरावर दाबून बघा. पहिली अर्धी बोटभर तो कापतो, मग ‘टक्’ असा आवाज येतो आणि उरलेले गाजर त्याच्या पुढे पुढे फाटत जाते. चकतीची एक बाजू गुळगुळीत, दुसरी खडबडीत. दोष धारेत नाही, धारेच्या मागच्या जाडीत आहे. पाठीला पाच-सहा मिलिमीटर जाड असलेले पाते पाचर होते. लाकूड फाकवायला तीच पाचर हवी असते. धारेचा कोनही वेगळा: तोडायच्या पात्याला दर बाजूने पंचवीस अंश किंवा जास्त, जपानी सुरीला पंधराच्या आसपास. कोयत्याला तेवढी बारीक धार काढता येते, पण मग ती पुढच्या फांदीवर दुमडते.

कांद्याच्या बाबतीत तर पुरावा ताजा आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण करून 2025 मध्ये दाखवले, की बोथट पात्याखाली कांद्याची पापुद्र्यासारखी साल आधी दबते, आत दाब साठतो आणि मग डोळ्यांत पाणी आणणारे रसाचे थेंब जोरात उडतात. पाते तीक्ष्ण असेल आणि हात सावकाश चालवला तर थेंब कमी.

तरी कोयत्याला स्वयंपाकघरातून हाकलू नये. फणस, सुरण, लाल भोपळा, हाडाचे मटण इथे सुरी घाबरते. फणसाला पात्यावर खोबरेल चोपडले की चीक धरत नाही. नारळाला तर धार लागतच नाही: हातात फिरवत कोयत्याच्या पाठीने मध्यावर गोल ठोके दिले की ठिसूळ करवंटीला तडा जातो आणि तो गोल फिरतो. केळफूल चिरल्यावर पाते काळे पडते, ते लोखंड आणि वनस्पतीतले टॅनिन यांच्या संयोगाने. त्याने बिघडत काही नाही. स्टेनलेस पात्याला हे होत नाही, कारण त्यातले किमान साडेदहा टक्के क्रोमियम वर ऑक्साइडचा अदृश्य थर धरते.

माझा कौल असा: रानासाठी एक चांगला कोयता आणि ओट्यावर एक पातळ, स्वस्त सुरी. दोन्ही मिळून त्या ‘दोन्हीकडे चालणाऱ्या’ महागड्या चाकूपेक्षा कमी पैशांत येतात.

धार मात्र कोरड्या चाकावर ठिणग्या उडवत लावून घेऊ नये. कडेवर निळी झाक आली, तर तिथले पोलाद तीनशे अंशांच्या आसपास तापून नरमले आहे. मग तो निळा भाग घासून काढेपर्यंत धार टिकणार नाही. चाकच वापरायचे तर पाते दर फेरीला पाण्यात बुडवायचे, नाहीतर सरळ ओल्या दगडावर घासायचे.